लेक नेव्हल एनसीसीत जाते, म्हणजे नेमकं काय शिकते?

शाळेतून किंवा कॉलेजातून मुलगी एनसीसीचा फॉर्म घरी घेऊन येते. त्यावर पालकांची सही हवी असते. फॉर्म नेव्हल म्हणजे नौदल शाखेचा असला की घरात चर्चा सुरू होते. पोरीला लढाईवर नेतील का? बोटीतून पाण्यात पडली तर? आणि हे सगळं शिकून तिला उपयोग काय? आज आपण याच प्रश्नांची उत्तरं बघणार आहोत. आईला थोडी माहिती असली, की ती घाबरून नाही म्हणत नाही आणि डोळे झाकून होही म्हणत नाही.

आधी एनसीसी म्हणजे काय ते समजून घेऊ. एनसीसी म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना. तिचा कायदा १९४८ साली झाला. दुसऱ्याच वर्षी, १९४९ मध्ये, मुलींची तुकडी सुरू झाली आणि १९५२ साली नौदल शाखा आली. शाळेतल्या मुलामुलींसाठी ज्युनियर विभाग असतो. तो दोन वर्षांचा, आणि त्याच्या शेवटी 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा असते. अकरावीपासून पुढे सीनियर विभाग. त्यात 'बी' आणि मग 'सी' प्रमाणपत्र मिळतं. एनसीसीत जाणं ऐच्छिक आहे. कॅडेट म्हणजे सैनिक नव्हे. एनसीसी केली म्हणून सैन्यात जावंच लागतं असं नाही, आणि कॅडेटला लढाईवर पाठवत नाहीत. ही गोष्ट घरातल्या मोठ्या माणसांना आधी सांगा.

आता नौदल. आपल्या देशाची तीन सैन्यदलं आहेत : भूदल, नौदल आणि हवाई दल. नौदलाचे तीन मोठे विभाग आहेत. पश्चिम विभागाचं मुख्यालय आपल्या मुंबईत, पूर्व विभागाचं विशाखापट्टणमला आणि दक्षिण विभागाचं कोचीला. दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन असतो, कारण १९७१ च्या युद्धात त्या रात्री आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र बोटींनी कराची बंदरावर हल्ला केला होता. नौदलाचा झेंडा २ सप्टेंबर २०२२ ला बदलला. त्यावरचा निळा अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. ज्या राजानं सिंधुदुर्ग बांधला आणि स्वतःचं आरमार उभं केलं, त्याची खूण आज प्रत्येक युद्धनौकेवर फडकते.

कॅडेट पहिल्या काही दिवसांत हुद्दे शिकते. इथं एक गंमत आहे. 'कॅप्टन' हा शब्द ऐकला की आपल्याला एकच हुद्दा वाटतो. पण भूदलातला कॅप्टन हा तरुण अधिकारी असतो, तर नौदलातला कॅप्टन हा भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा, पुष्कळ वर्षं नोकरी झालेला. नौदलात सब लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर आणि मग कॅप्टन असा क्रम असतो. त्याच्याही वर कमोडोर आणि तीन प्रकारचे ॲडमिरल. सॅल्यूटही वेगळा. भूदलात तळहात समोरच्याला दिसतो. नौदलात तो खाली जमिनीकडे झुकवतात. जुन्या काळी जहाजावर दोर आणि डांबर हाताळून हात काळे होत, ते वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून ही रीत पडली, असं सांगतात.

मग येते जहाजाची भाषा. जहाजाच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेकडे, तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताची बाजू 'पोर्ट' आणि उजव्या हाताची 'स्टारबोर्ड'. डावी-उजवी का नाही म्हणत? कारण माणूस वळला की त्याची डावी-उजवी बदलते, जहाजाची बदलत नाही. औताला बैल जुंपताना हा डावा आणि हा उजवा असं ठरलेलं असतं ना? तुम्ही कुठंही तोंड करून उभ्या राहा, डावा बैल डावाच. तसंच हे.

रात्री जहाजाच्या पोर्ट बाजूला लाल दिवा असतो आणि स्टारबोर्ड बाजूला हिरवा. यावरून अंधारातही समोरची बोट कुठल्या दिशेनं चालली आहे ते कळतं. इंजिनाच्या दोन बोटी समोरासमोर आल्या, तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचं. आणि एखादी बोट आपल्या उजव्या हाताकडून आडवी येत असेल, तर वाट आपण द्यायची. अशा वेळी आपल्याला तिचा लाल दिवा दिसतो. लाल दिसला की थांब, इतकं सोपं करून मुलं ते लक्षात ठेवतात. मासेमारीच्या बोटींनाही हेच नियम लागू आहेत. त्यामुळे किनाऱ्यावरच्या आपल्या भगिनींच्या घरात ही माहिती असणं जास्तच गरजेचं.

जहाजावर रात्रंदिवस कुणीतरी जागं असावंच लागतं. त्यासाठी पाळ्या असतात, त्यांना 'वॉच' म्हणतात. साधारण चार-चार तासांची एक पाळी. आता हिशेब बघा. चोवीस तासांत चार तासांच्या सहा पाळ्या होतात. माणसांचे दोन गट आलटून पालटून उभे केले, तर एकाच गटाला रोज मध्यरात्री जागावं लागेल. तो गट थकेल, चिडेल आणि चुका करेल. म्हणून संध्याकाळी चार ते आठची पाळी दोन तुकड्यांत तोडली : चार ते सहा आणि सहा ते आठ. पाळ्या झाल्या सात. सात हा विषम आकडा, त्यामुळे आज ज्यांना मध्यरात्र आली त्यांना उद्या ती येत नाही. शेताला पाणी द्यायची पाळी ठरवताना रात्रीची वीज कुणाच्या वाट्याला येते, यावरून आपल्याकडे किती भांडणं होतात! शिस्त म्हणजे नुसता हुकूम नाही, कष्टाची सारखी वाटणी हाही शिस्तीचाच भाग आहे, हे कॅडेटला इथं कळतं.

यानंतर दोर आणि गाठी. रीफ नॉट ही सारख्या जाडीच्या दोन टोकांची गाठ. आधी डावं टोक उजव्यावरून, मग उजवं डाव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूनं घेतलं तर गाठ सरकते. जखमेची पट्टी बांधायला हीच गाठ वापरतात, कारण ती सपाट बसते आणि टोचत नाही. दुसरी बोलाईन. हिचा फास ओढला तरी आवळत नाही. पाण्यात पडलेल्या माणसाच्या काखेखालून दोर घेऊन त्याला वर ओढायचं, तर अशीच गाठ हवी. सरकफास घातला तर छाती आवळून त्याचा जीव जाईल. पुरात, विहिरीवर, तळ्यावर ही एक गाठ येणारी मुलगी गावाला उपयोगी पडते.

याखेरीज झेंड्यांच्या खुणांनी निरोप देणं, वल्ही मारणं, शिडाची बोट चालवणं, जहाजाची प्रतिकृती बनवणं, कवायत आणि प्रथमोपचार हेही असतं. रायफलही शिकवतात, पण ती प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि नेमबाजीच्या मैदानावरच. तिचा पहिला धडा असा : प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजायचं आणि तिचं तोंड माणसाकडे कधी करायचं नाही.

आता मुलींचं पुढं काय? नौदलात स्त्रिया अधिकारी म्हणून १९९२ पासून येऊ लागल्या. अग्निवीर योजनेतून मुलींना नाविक म्हणूनही दार उघडलं, आणि त्यांची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या आयएनएस चिल्का या केंद्रातून शिकून बाहेर पडली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा अधिकारी स्त्रिया 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१८ मध्ये गोव्यालाच परतल्या. ती बोटही गोव्यातच बांधलेली. त्या सहा जणींनाही आधी पोर्ट आणि स्टारबोर्डच शिकावं लागलं होतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नव्हे. 'सी' प्रमाणपत्र असलेल्यांना सैन्याच्या काही भरतींत सवलत किंवा जादा गुण मिळतात, पण परीक्षा, धावणं आणि वैद्यकीय तपासणी कुणालाच चुकत नाही. 'एवढे पैसे द्या, पोरीला नौदलात लावतो,' असं म्हणणारा दलाल भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. भरती पैसे देऊन होत नाही. गटातून कर्ज काढून अशा माणसाला पैसे देऊ नका.

सही करण्याआधी शाळेतल्या एनसीसीच्या शिक्षकांना भेटा. वेळ कमी असेल तर दोघी-तिघी मिळून जा. शिबिर कुठं आहे आणि किती दिवसांचं? मुलींबरोबर राहणारी स्त्री प्रशिक्षक कोण? बोटीत चढण्याआधी प्रत्येकीला लाइफ जॅकेट मिळतं का? पोहता न येणाऱ्या मुलींची काय व्यवस्था? जवळचा दवाखाना कोणता, आणि घरी फोन कसा करायचा? हे विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही. मुलीला दमा, फिट किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो लपवू नका. पाण्यात असताना लपवलेला आजार जिवावर बेततो. आणि मुलाच्या फॉर्मवर सही करताना जे विचाराल तेवढंच मुलीच्या वेळी विचारा. त्याला एका मिनिटात होकार आणि तिला महिनाभर थांबवणं, असं करू नका.

गटात कुणाची मुलगी किंवा मुलगा कॅडेट असेल, तर पुढच्या बैठकीला त्यांना बोलवा. चार हात दोर आणा आणि रीफ नॉट व बोलाईन सगळ्या जणी शिकून घ्या. पहिल्यांदा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल. काही शंका राहिल्या तर आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.