मुलाचं खातं, मुलाच्या हातात

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार दहा वर्षांपुढच्या मुलांना बचत खातं स्वतः उघडून चालवता येतं. रकमेची मर्यादा आणि मोबाइल बँकिंगची सोय बँक ठरवते. शिल्लक मात्र शून्याखाली जाऊ देता येत नाही. ही सोय मला मनापासून चांगली वाटते.

पण पैसे पाठवणं मुलं चटकन शिकतात, धोका ओळखणं शिकवावं लागतं. यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, हे कित्येक मोठ्यांनाही ठाऊक नसतं. पिन मागून होणाऱ्या फसवणुकीहून गंभीर प्रकार म्हणजे खातं 'भाड्याने' देणं. "तुझ्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठव, हजार रुपये तुझे," असं कुणी म्हणालं, तर तो पैसा बहुधा फसवणुकीचा असतो. तपास सुरू झाला की खातं गोठतं आणि पोलीस आधी खातेदाराकडेच येतात. कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक मुलाला हे स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवं.

महिन्यातून एकदा मुलांसोबत बसून खात्याचा उतारा वाचा. फसवणूक झालीच, तर रागावत बसू नका. आधी १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा.