आजीचे लाडू आणि न दिसणारं दुकान

समजा, दिवाळी तोंडावर आली आहे. आजीनं बेसनाचे लाडू वळलेत आणि त्यांचा घमघमाट पार जिन्यापर्यंत पोचलाय. ताईच्या डोक्यात कल्पना येते, लाडवांचा फोटो मोबाइलवरून चार ठिकाणी टाकू या! संध्याकाळपर्यंत शेजारच्या आळीतून पाच ऑर्डरी येतात आणि दुसऱ्या दिवशी चक्क नागपूरहून दोन किलोंची! तुम्ही डबे भरायला बसता, एवढ्यात बाबा विचारतात, ''दुकान काढलंत खरं, पण त्याचे कायदे माहीत आहेत का?''

''दुकान? कुठंय दुकान?'' तुम्ही म्हणाल.

तीच तर गंमत आहे! कोपऱ्यावरच्या वाण्याकडे वस्तू हातात घेऊन बघता येते. खराब निघाली तर तडक जाऊन परत करता येते. नागपूरच्या काकूंना यातलं काहीच जमणार नाही. त्यांना दिसतो फक्त एक फोटो, आणि पैसे मात्र आधी मोजायचे! म्हणून कायदा म्हणतो, गिऱ्हाइकाला जे दिसत नाही, ते विकणाऱ्यानं आपण होऊन सांगावं.

विकतंय कोण?

तुम्ही नव्हे! भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. अठरा वर्षं पूर्ण न झालेल्याला कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' म्हणतात. रागावू नका, त्याचा हुशारीशी काही संबंध नाही! अज्ञान मुलाचा करार कायदा मानत नाही. कलकत्त्याच्या एका अज्ञान मुलानं मालमत्ता गहाण ठेवून कर्ज काढलं होतं. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं तो करार मुळातच रद्द ठरवला. म्हणजे हा नियम तुमच्या पायातली बेडी नसून तुमची ढाल आहे. तेव्हा दुकान आईच्या नावानं काढा. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामाला हात लावायला मात्र कायद्याची हरकत नाही.

डब्यात आहे काय?

खाण्याचा पदार्थ विकायचा, तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली आधी नोंदणी हवी. घरगुती, छोट्या धंद्यालाही यातून सूट नाही. नोंदणी झाली की चौदा आकडी क्रमांक मिळतो. तो डब्यावर छापायचा. शिवाय पदार्थाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावा, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका.

''एवढं कशाला?'' असं वाटतंय ना? मग हे ऐका. लाडवांत कोणकोणते जिन्नस आहेत, हेही लिहावं लागतं. एखाद्या मुलाला काजू अजिबात सोसत नाही. एका घासानं त्याचा श्वास कोंडू शकतो. काकूंच्या घरी असं मूल असेल, तर 'काजू' हे दोन अक्षरांचं लेबल त्याचा जीव वाचवेल!

आणखी एक. महाराष्ट्राबाहेर, म्हणजे समजा इंदूरला, कर लागणारा माल पाठवायचा झाला, तर साधारणपणे छोट्या विक्रेत्यालाही जीएसटीची नोंदणी करावी लागते. आईबाबांनी हे आधी नीट विचारून घ्यावं.

चुकलं तर?

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२० चे ऑनलाइन विक्रीचे नियम इथं येतात. जुनी सायकल एकदाच विकली, तर हे नियम लागत नाहीत. पण नेमानं धंदा सुरू झाला की लागतात. माल खराब निघाला किंवा फोटोतल्यासारखा नसला, तर परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. तक्रार पोचल्याची पावती अठ्ठेचाळीस तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. आणि ताईनं गिऱ्हाईक असल्याचं सोंग आणून ''वा, काय लाडू!'' असं स्वतःच लिहायचं, तेही चालणार नाही!

पूर्वी तक्रार गुदरायला गिऱ्हाइकाला सहसा विकणाऱ्याच्या गावी जावं लागे. नव्या कायद्यानं काकूंना नागपूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. १९१५ या क्रमांकावर फोन करून मदतही मिळते.

घाबरलात? अहो, हे सगळे नियम उद्या तुमच्याही उपयोगाचे आहेत. कारण विकणारे तुम्ही एकदाच, पण विकत घेणारे रोजच! आजच घरातलं एक बिस्किटाचं पाकीट घ्या आणि वर सांगितलेल्या किती गोष्टी त्यावर सापडतात ते मोजा. मग एक कोरा कागद घेऊन आजीच्या लाडवांसाठी तसंच लेबल लिहून बघा. लेबल पुरं झालं आणि आईची नोंदणी हाती आली, की खुशाल डबा नागपूरला धाडा!