पायाळू वासरे : योगायोग की कारण?

गाय सुखरूप व्याली म्हणजे वासराच्या पुढच्या पायांचे दोन खूर प्रथम दिसतात. त्यांवर टेकलेले नाकाड मागोमाग येते आणि पाण्यात सूर मारावा तसे वासरू जगात प्रवेश करते. शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव वासरे अशीच जन्मतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा मागचा भाग आधी येतो. माणसांत पायांकडून जन्मलेल्याला मराठीत 'पायाळू' म्हणतात. पायाळू माणसाला जमिनीतील धन दिसते, त्याच्यावर वीज पडते, अशा समजुती त्या शब्दाभोवती जमल्या आहेत. पायाळू वासराभोवती धनाची समजूत नाही. तेथे चिंता असते ती त्याच्या जिवाची. एखाद्या लहान गोठ्यात एकाच वर्षी अशी दोन-तीन वासरे जन्मली आणि त्यांतील एखादे दगावले, की चारा, पाणी, वळू किंवा गोठ्याचा उतार यांपैकी कशावर तरी ठपका ठेवला जातो. हा ठपका कितपत खरा असतो, हे पाहण्यासाठी वासरू पोटात कसे वळते हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

पोटातील वळण

गाय सुमारे २८० दिवस गाभण असते. आपल्या देशी गायींत हा काळ काही दिवसांनी अधिक असतो. गाईच्या गर्भाशयाला दोन शिंगे असतात आणि एकटा गर्भ सामान्यतः त्यांपैकी एका शिंगात वाढतो. गाभणकाळाच्या पूर्वार्धात गर्भ लहान असतो व भोवतालच्या पाण्यात मोकळेपणी फिरतो. त्या वेळी डोके बाहेरच्या दिशेला असलेले आणि आतल्या दिशेला असलेले गर्भ जवळजवळ सारख्याच प्रमाणात आढळतात. पुढे गर्भ वाढू लागला, की बहुतेकांचे डोके बाहेरच्या दिशेला येते. सातव्या महिन्यानंतर मात्र लांब पायांच्या त्या वासराला टोकाकडून टोकाकडे फिरण्यास जागाच उरत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. उलट्या जन्माचे कारण शोधायचे, तर ते व्यायच्या कित्येक आठवडे आधी शोधले पाहिजे. आदल्या दिवशी गाय उतारावरून धावली किंवा ओढा ओलांडताना घसरली, म्हणून वासरू उलटले, असे मानता येत नाही.

वळण्याच्या या क्रियेत गर्भाच्या स्वतःच्या हालचालींचा मोठा भाग असतो. गर्भाशयाचा आकार व त्याच्या स्नायूंचा ताण यांचाही त्यात वाटा असतो. म्हणूनच निरनिराळ्या प्राण्यांत निरनिराळे चित्र दिसते. घोडीच्या शंभर शिंगरांत उलटे जन्मणारे सुमारे एकच असते. उलट डुकरिणीची जवळजवळ निम्मी पिले मागच्या बाजूने जन्मतात आणि तरीही सुखरूप असतात, कारण ती लहान व आखूड पायांची असतात.

शोधण्याजोगी कारणे

पहिले कारण जुळ्यांचे. गर्भाशयात दोन वासरे असली, की प्रत्येकाला वळण्यास जागा कमी पडते. अशा वेळी एक वासरू सुलटे व दुसरे उलटे येणे ही नेहमीची गोष्ट आहे.

दुसरे कारण गर्भाच्या दुर्बलतेचे. मेलेला, अशक्त किंवा व्यंग असलेला गर्भ पुरेशी हालचाल करू शकत नाही. जपानमध्ये १९५९ साली डासांतून वेगळा केलेला आकाबाने विषाणू चिलटांमार्फत गाभण गाईला पोहोचतो; त्यामुळे वासरांचे सांधे आखडलेले राहतात व अशी वासरे व्यायच्या वेळी अडतात. अमेरिकेच्या पश्चिम भागातील कुरणांत ल्युपिन नावाची एक शेंगवर्गीय वनस्पती उगवते. गाभणकाळाच्या सुमारे ४० व्या ते १०० व्या दिवसांदरम्यान गाईने तिच्या काही विषारी जाती खाल्ल्या, तर त्यांतील द्रव्ये गर्भाची हालचाल मंदावतात आणि वासरू वाकड्या पायांनी जन्मते. मात्र अशा कारणांच्या खुणा वासराच्या अंगावर दिसतात. उलटे जन्मलेले वासरू अंगाने धडधाकट असेल, तर विषाणू वा विषारी वनस्पती यांवर संशय घेण्यास फारसा आधार राहत नाही.

तिसरे कारण आनुवंशिकतेचे. मोठ्या कळपांच्या नोंदींत काही वळूंच्या संततीत उलट्या जन्मांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले आहे. तथापि हा वाटा लहान असतो. केवळ एका वासरावरून वळूला दोष देणे न्याय्य नव्हे.

लहान संख्यांचा चकवा

आता योगायोगाचा विचार करू. समजा, एका गोठ्यात वर्षाला वीस गायी वितात आणि प्रत्येक वासरू उलटे येण्याचा संभव शंभरांत पाच आहे. तर सरासरीने वर्षाला एक उलटे वासरू अपेक्षित धरावे लागेल. परंतु सरासरी म्हणजे दरवर्षीचा नियम नव्हे. गणित केले असता असे दिसते, की अशा शंभर वर्षांपैकी सुमारे ३६ वर्षे एकही वासरू उलटे येणार नाही, ३८ वर्षे एक येईल, १९ वर्षे दोन येतील आणि ७-८ वर्षे तीन किंवा त्यांहून अधिक येतील. हेच दुसऱ्या रीतीने सांगायचे, तर असे एक हजार गोठे घेतल्यास, कोठेही काहीही बिघडलेले नसताना, त्यांपैकी सुमारे पंचाहत्तर गोठ्यांत एकाच वर्षी तीन किंवा अधिक उलटी वासरे जन्मतील. त्या पंचाहत्तर मालकांना मात्र आपल्याच गोठ्यावर संकट आले, असे वाटेल.

या चकव्याचे एक प्रसिद्ध उदाहरण घोड्यांच्या संदर्भात आहे. लाडिस्लाउस बोर्टकिविच या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ साली प्रशियन सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी दहा सैन्यदलांच्या वीस वर्षांच्या, म्हणजे एकूण २०० नोंदी पाहिल्या, तर १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता, ६५ नोंदींत एक, २२ नोंदींत दोन, ३ नोंदींत तीन आणि एका नोंदीत चार मृत्यू होते. एका वर्षी चार सैनिक गमावणाऱ्या दलातील घोडे अधिक द्वाड होते, असे मानण्याची गरज नव्हती. शुद्ध योगायोगाच्या गणिताने जे आकडे येतात, त्यांच्याशी हे आकडे चांगलेच जुळत होते.

व्यायच्या वेळी

कारण काहीही असो, उलट्या वासराचा जीव वाचतो तो वेळीच ओळख पटल्याने. खुरांचे तळवे खाली असतील, तर बहुधा पुढचे पाय आहेत. तळवे वर असतील, तर मागचे पाय असण्याचा संभव मोठा. खात्री सांध्यांवरून होते. पुढच्या पायात खुराच्या वरचे दोन सांधे एकाच दिशेने वाकतात. मागच्या पायात ते परस्परविरुद्ध दिशांनी वाकतात. मागचे दोन्ही पाय पोटाखाली दुमडलेले असले, तर फक्त शेपूट हाताला लागते. अशा वेळी वाट भरली जात नाही, म्हणून गाय फारशी कळ देत नाही आणि मालक गाफील राहतो. हा प्रकार सर्वांत धोक्याचा होय.

उलट्या जन्मात नाळ वासराचे अंग व गाईच्या कमरेचे हाड यांमध्ये चेपली जाते. त्या वेळी डोके अजून आतच असते. रक्तपुरवठा तुटताच वासरू श्वास घेऊ पाहते आणि त्याच्या फुप्फुसांत पाणी शिरते. म्हणून वाट पुरेशी मोकळी होण्यापूर्वी ओढाताण करू नये. परंतु वासराचे पुठ्ठे बाहेर आल्यावर विलंबही करू नये. वासरू आत फिरवून सुलटे करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. पाणमोट दिसल्यावर तासाभरात प्रगती झाली नाही, किंवा नुसते शेपूट लागले, तर पशुवैद्याला तत्काळ बोलावणे हाच मार्ग होय. वासरू बाहेर येताच त्याचे नाक-तोंड पुसून त्याला छातीवर बसते करावे व नाकपुडीत गवताची काडी फिरवावी.

नोंदवहीचे महत्त्व

खरे कारण आणि योगायोग यांतील भेद आठवणीने कळत नाही. त्यासाठी नोंद लागते. व्यायची तारीख, गाय, वळू, वासरू सुलटे की उलटे, एकटे की जुळे, जिवंत की मृत, त्यात काही व्यंग होते काय, एवढे लिहून ठेवले तरी पुरे. कृत्रिम रेतन केलेले असल्यास रेताच्या नळीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. गाईच्या कानातील बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो. दोन-तीन गायी असलेल्या घरी अशी वही एकट्याने फारसे सांगू शकणार नाही. परंतु एकाच वळूचे रेत हजारो घरी पोहोचते. त्या सर्व घरांच्या नोंदी एकत्र आल्या, तर वीस गायींच्या गोठ्यात जे कधीच दिसणार नाही, ते हजारो गायींच्या हिशेबात स्पष्ट दिसेल आणि सदोष ठरलेल्या वळूचा वापर वेळीच थांबवता येईल.