जाता जाता लाल!

हिवाळा सरताना देशी बदामाखाली लालभडक पानांचा सडा पडतो. हा रंग येतो कुठून?

पान गळण्याआधी झाड त्यातलं हरितद्रव्य मोडतं आणि नायट्रोजन परत फांदीत ओढून घेतं. कंजूषच म्हणा ना! हिरवा गेला की आधीपासून दडलेला पिवळा दिसू लागतो. लाल मात्र नव्यानं तयार होतो; त्याचं नाव अँथोसायनिन. जाणाऱ्या पानावर हा खर्च कशाला? ही आवराआवर होईपर्यंत उन्हापासून बचाव व्हावा म्हणून, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. सगळ्यांना ते पटलेलं नाही.

दडलेला पिवळा बघायचाय? पालकाची पानं थोड्या स्पिरिटमध्ये चुरडा (आईबाबांसमोर, गॅसपासून लांब!). त्यात पांढरा खडू उभा करा. थोड्या वेळानं हिरव्याच्या वर पिवळा पट्टा चढलेला दिसेल.