डुकरांतला ब्रुसेलोसिस आणि रक्तचाचणी

गाभण डुकरीण मुदतीआधी गाभडली किंवा नराचे वृषण सुजले, तर ब्रुसेलोसिसची शंका घ्यावी. ‘ब्रुसेला सुइस’ हा त्याचा जीवाणू १९१४ मध्ये अमेरिकेत जेकब ट्रॉम यांनी गाभडलेल्या पिल्लांतून वेगळा केला.

रक्तचाचणीत जीवाणू नव्हे, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात. रोज बेंगाल चाचणी सर्वांत सोपी. पांढऱ्या टाइलवर रक्तद्रवाचा थेंब, शेजारी तेवढेच गुलाबी अँटिजेन, म्हणजे ब्रुसेला जीवाणूपासून बनवलेले चाचणीचे द्रावण. दोन्ही काडीने मिसळून टाइल चार मिनिटे हलवत राहायचे. प्रतिपिंडे असतील तर बारीक गुलाबी गुठळ्या धरतात.

डुकरांत मात्र मोठी अडचण आहे. ‘येर्सिनिया एन्टरोकोलिटिका ओ:९’ या आतड्यातल्या जीवाणूचे बाह्य आवरण ब्रुसेलाशी इतके मिळतेजुळते, की ब्रुसेलोसिस नसलेले डुक्करही बाधित ठरते. एलायझा या प्रतिपिंडे शोधणाऱ्या दुसऱ्या चाचणीतही हा घोळ होतो. उलट, खरोखर बाधित असलेले एखादे जनावर निसटते. म्हणून एकाच डुकराच्या निकालावर निर्णय घेणे मला साफ चुकीचे वाटते. तपासणी अख्ख्या कळपाचीच करावी.

हा रोग माणसालाही होतो. गाभडलेले पिल्लू किंवा वार उघड्या हातांनी उचलू नका. आधी पशुवैद्यकांना बोलवा.