परदेशी हरित निधी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विकसनशील देशांतील पर्यावरण प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या यंत्रणांत ‘हरित हवामान निधी’ ही एक प्रमुख यंत्रणा आहे. तो स्थापण्याचा निर्णय २०१० साली कान्कुनच्या परिषदेत झाला. त्याचे मुख्यालय दक्षिण कोरियात सोंगडो येथे आहे.

गैरसमज: हा पैसा म्हणजे श्रीमंत देशांचे दान.
वस्तुस्थिती: २०२२ साली विकसित देशांच्या सरकारी हवामान अर्थसाह्यात कर्जाचा वाटा सुमारे ६९ टक्के होता, अनुदानाचा सुमारे २८. सौर प्रकल्प वीज विकून कर्ज फेडू शकतो. कांदळवन किनारा राखते, पण त्याचे बिल कोणाला लावता येत नाही. अशा कामांना अनुदानच लागते.

गैरसमज: जाहीर झालेली रक्कम हाती आलीच.
वस्तुस्थिती: अमेरिकेने २०१४ साली या निधीला ३ अब्ज डॉलर कबूल केले. जानेवारी २०१७ पर्यंत त्यांतले १ अब्जच जमा झाले होते.

गैरसमज: सगळा खर्च बाहेरून भागतो.
वस्तुस्थिती: महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी २०१८ साली मंजूर झालेला प्रकल्प सुमारे १३ कोटी डॉलरचा आहे. त्यात निधीचे अनुदान ४ कोटी ३४ लाख. उरलेला, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश भाग इतर सहभागाचा.

गैरसमज: पैसा थेट गावाच्या किंवा संस्थेच्या खात्यात येतो.
वस्तुस्थिती: प्रस्तावाला केंद्र सरकारची ना-हरकत लागते आणि तो मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच जातो. नाबार्डला अशी मान्यता २०१५ साली मिळाली. किनारपट्टीच्या प्रकल्पात ही भूमिका संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडे आहे. रक्कम हप्त्यांनी सुटते आणि झालेल्या कामाचा हिशेब द्यावा लागतो.

गैरसमज: पर्यावरण प्रकल्प म्हणजे झाडे लावणे.
वस्तुस्थिती: किनारपट्टीच्या प्रकल्पात कांदळवनाच्या पुनरुज्जीवनासोबत खेकडापालनासारखी उपजीविकेची कामेही आहेत. खाडीकाठी जाळीचे कुंपण घालून त्यात खेकड्यांची पिल्ले सोडतात. भरती-ओहोटीचे पाणी आतबाहेर खेळते, खेकड्यांना टाकाऊ मासळी घालतात आणि वाढलेला खेकडा वजनावर विकला जातो. यासाठी कांदळ तोडावे लागत नाही. उलट ते तुटले तर खाडीतील मासे आणि खेकड्यांचा आसराच जातो. त्यामुळे कांदळवन राखण्यात गावाचा स्वतःचा फायदा असतो, आणि बाहेरचा हप्ता थांबल्यावरही राखण चालू राहण्याची शक्यता वाढते.