खडकाची नाडीपरीक्षा

बाजारात मडके घेताना चतुर गृहिणी ते आधी बोटाने वाजवून पाहते. खणखणीत वाजले तर मडके पक्के. बद्द वाजले तर कोठेतरी तडा आहे, मग तो डोळ्यांस दिसो वा न दिसो. भूगर्भातील कातळ पारखण्याची विद्या मुळात याच जातीची आहे. तिची ओळख प्रस्तुत लेखात आम्ही वाचकांस करून देऊ इच्छितो. कारण आपणांस पाणी आणि वीज पुरविणारी धरणे अखेर कातळाच्याच भरवशावर उभी असतात.

हा भरवसा पारखून घेतला नाही तर काय घडते, हे फ्रान्समधील मालपासे धरणाने दाखवून दिले. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री हे कमानी धरण फुटले आणि चारशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. दोष काँक्रीटचा नव्हता. डाव्या तीरावरील भेगाळलेला पायाचा खडकच पाण्याच्या दाबाखाली सरकला. त्यानंतर खडकयांत्रिकीच्या अभ्यासास वेग आला आणि १९६२ साली त्या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

दाब दिला असता खडक किंचित दबतो आणि दाब काढताच पूर्ववत होतो. हीच त्याची स्थितिस्थापकता. ती मोजण्याचा सरळ उपाय म्हणजे बोअर घ्यावे, गाभ्याचा दंडगोल वर काढावा आणि यंत्रात दाबून पाहावा. परंतु खरी मेख येथेच आहे. भेगाळ खडकाचा गाभा तुकड्यातुकड्यांनी वर येतो आणि प्रयोगशाळेत जातो तो त्यांतला शाबूत तुकडा. पडक्या भिंतीतील एक पक्की वीट तपासून भिंत भक्कम असल्याचा दाखला देण्यासारखेच हे झाले! म्हणून अमेरिकेतील डॉन डीअर यांनी १९६० च्या दशकात एक सोपी कसोटी सुचविली. गाभ्याच्या १० सेंटिमीटर वा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज करावी आणि खणलेल्या लांबीशी तिची टक्केवारी काढावी. नव्वदाच्या वर आकडा गेला तर खडक उत्तम, पंचवीसच्या खाली आला तर अगदी निकृष्ट.

याहून सूक्ष्म परीक्षा बोअरच्या आतच होते. एक लांब नळीसारखे उपकरण केबलने खाली सोडतात. त्याच्या एका भागातून ध्वनीचा ठोका निघतो, भिंतीच्या खडकातून प्रवास करतो आणि काही अंतरावरील ग्राहकांवर उमटतो. या प्रवासास लागलेला वेळ सेकंदाच्या दशलक्षांशांत मोजतात. त्यावरून अनुतरंग आणि अवतरंग अशा दोन्ही लहरींचा वेग कळतो. दुसरे उपकरण गॅमा किरणांच्या साहाय्याने घनता सांगते. घनतेस अवतरंगाच्या वेगाच्या वर्गाने गुणले की खडकाचा कर्तन गुणांक, म्हणजे पिळवटण्यास होणारा त्याचा विरोध, हाती येतो.

एक उदाहरण घेऊ. घनता दर घनमीटरास २,७०० किलोग्रॅम आणि अवतरंगाचा वेग सेकंदास ३,३०० मीटर असेल, तर हा गुणांक सुमारे २९ अब्ज पास्कल भरतो. त्याच कातळात भेगा वाढून वेग २,३०० मीटरवर उतरला, तर गुणांक सुमारे १४ अब्जच उरतो. वेग तीस टक्क्यांनी घटला, पण ताठरपणा निम्म्याहूनही खाली गेला!

भेगांची दिशाही लपून राहत नाही. भेगाळ पट्ट्यात शिरताच अवतरंगाचे दोन भाग होतात. भेगांना समांतर डोलणारा लवकर पोहोचतो, आडवा डोलणारा मागे रेंगाळतो. विवराच्या भिंतीचे ध्वनिचित्र घेतले तर तिरपी भेग त्यावर नागमोडी रेषेसारखी उमटते, आणि तिच्या चढउतारावरून भेगेचा कल काढता येतो.

अर्थात या आकड्यांवर डोळे मिटून विसंबता येत नाही. भिंत ढासळून विवर रुंदावले असेल तर मापन फसते. म्हणून व्यासही मोजून ठेवतात. शिवाय ध्वनीचा धक्का क्षणिक आणि अत्यंत हलका असतो, तर धरणाचा भार अवजड आणि कायमचा. त्या भाराखाली भेगा मिटू लागतात आणि खडक ध्वनिमापनाने सांगितले त्यापेक्षा अधिक दबतो. म्हणून विवरातच जॅक उतरवून भिंत प्रत्यक्ष दाबून पाहतात आणि दोन्ही आकड्यांचा मेळ घालतात.

या विद्येची मोठी कर्मभूमी आपल्या सह्याद्रीतच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले, सुमारे दोनशे माणसे दगावली आणि धरणासही तडे गेले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाशय आणि भूकंप यांच्या नात्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. पुढे केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने तेथे खोल खनन हाती घेतले. २०१७ साली गोठणे येथील प्रायोगिक बोअर सुमारे तीन किलोमीटर खोल गेले. काळ्या पाषाणाचे थर सुमारे सव्वा किलोमीटरवर संपले आणि खाली ग्रॅनाइटी जातीचा प्राचीन कातळ लागला. त्या कातळातही काही पट्ट्यांत घनता आणि ध्वनिवेग घटलेले आढळले. भेगांची हीच खूण.

पुढचा भूकंप केव्हा होईल, हे अशी मापने सांगत नाहीत. परंतु खडक कोठे ताठ आहे, कोठे खिळखिळा आहे आणि पाणी कोणत्या वाटेने मुरू शकते, एवढे ती सांगतात. धरणाच्या छायेत ज्यांची घरे आहेत, त्यांच्या दृष्टीने हे ज्ञान थोडके खासच नव्हे.